घरची वाईन

“वहिनी, ती बाटली देता का? आमच्या रोझीच्या लग्नात उघडायचीय,” शेजारच्या कार्मेलबाय दारातूनच म्हणाल्या. “ती जन्मली तेव्हा ह्यांनी घरी केलेली वाईन. आमच्याकडच्या बाटल्या संपल्या, करणारा माणूसही गेला. तुमच्याकडे आहे तेवढी शेवटची.”

कुमुदिनीबाईंनी ती मिळाली त्याच दिवशी मोरीत ओतून वर तांब्याभर पाणी टाकलं होतं. घरात देव आहेत, तिथे दारू कशाला? पुढे दर नाताळाला मात्र “जपून ठेवलीय हो” असं हसून सांगितलं होतं.

आज खोटं सुचेना. “ओतून टाकली मी ती, बाय. तेव्हाच,” त्या खाली बघत म्हणाल्या.

कार्मेलबाय उंबऱ्यावर टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, “ओतताना वास कसा येत होता?”

कुमुदिनीबाईंना तेवढंही सांगता येईना. ओतताना त्यांनी नाकाला पदर लावला होता.