तिसरा पट्टा

सागाच्या ओळींमध्ये जळणासाठी कापायचं गवत लावलं तर साग खुरटतो का, यावर शहजादीची पीएचडी चालली होती. नामांतराच्या आंदोलनात औरंगाबाद बंद पडलं की तिला करमाडच्या शेतावर जाता यायचं नाही. मग राखण मेंढपाळ बिरूमामाकडं असायची. "मामा, मेंढरांनी गवताच्या काडीलाही तोंड लावता कामा नये," एवढं मात्र तिनं बजावून ठेवलं होतं.

पाच वर्षांनी गवत लावलेल्या तिसऱ्या पट्ट्यातला साग बाकीच्या बिनगवताच्या पट्ट्यांपेक्षा चांगला दोन हात उंच निघाला. खताचा कण न घालता, नुसत्या गवताच्या संगतीनं! परीक्षकांनीही माना डोलावल्या. नावापुढं डॉक्टर लागलं त्याच दिवशी शहजादी पेढे घेऊन थेट करमाडला गेली.

"मामा, तुम्ही शब्द राखलात म्हणून झालं हे सगळं."

बिरूमामानं पेढा तोंडात टाकला, मिशा पुसल्या आणि तो खुशीत हसला.

"व्हय, काडी खाऊ दिली नाय. पर त्या तिसऱ्या पट्ट्यातली रोपं लईच मरगळली व्हती. म्हणून गवताच्या दर कापणीनंतर आठ-आठ दिस तिथंच मेंढरं बसवली. बाकीच्यांकडनं लेंडीखताचं धान्य घेतो, भाचीकडनं कसं घ्यायचं?"