पहिला नंबर

"बसणार नाय मी." डॉक्टर मुबश्शिरांनी पुढं केलेलं स्टूल भागूबाईंनी पायानं मागं लोटलं. "आधी सांगा, सगळ्यात कमी डोस आमच्याच माणसाला का?"

पलंगावर नानासाहेब उशीला टेकून बसले होते. मांडीवर संमतीचा कागद, हातात पेन. रक्ताचा कर्करोग दोनदा किमो घेऊनही परत आला होता. आता त्यांच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कर्करोग ओळखायला शिकवायचं आणि परत अंगात सोडायच्या. माणसांवरची ही पहिलीच चाचणी. भागूबाईंनी पंधरा दिवस दवाखान्यात हेलपाटे घालून पहिला नंबर लावून घेतला होता. सप्त्यात पहिल्या पंगतीला बुंदी कमी पडत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. पुंडलिकनगरच्या गल्लीत पेढेसुद्धा वाटून झाले होते.

"मावशी, पहिल्या तिघांना कमीच द्यावा लागतो," डॉक्टर म्हणाल्या. "शरीराला सोसतो का ते बघायचं असतं. सोसला तर पुढच्यांना वाढवायचा. काकांना किती गुण येईल, मला खरंच सांगता येत नाही. नको असेल तर सही करू नका."

"मग चौथा नंबर द्या."

"त्याला चार महिने लागतील." डॉक्टरांनी नजर खाली घातली. नानासाहेबांकडं तेवढे दिवस नव्हते.

भागूबाई नवऱ्याकडं वळल्या. "चला घरी. जलमभर हेच केलं तुम्ही. सिल्लोडकडं कीर्तनाला बुवा कधी वेळेवर यायचे नाय. तोवर टाळ घेऊन रिकाम्या सतरंजीपुढं कोण गायचं? तुम्ही. आन् हार कुणाच्या गळ्यात? बुवाच्या. आता जीव जायची वेळ आली तरी लोकांसाठीच उभं राहायचं व्हय?"

नानासाहेबांना हसू आलं, पाठोपाठ धाप. धाप ओसरेपर्यंत ते थांबले. मग कागदावर सावकाश सही केली.

"आम्ही गायचो म्हणून तर माणसं जमायची," ते म्हणाले. "आन् सतरंजी रिकामी कवा होती गं? पुढं तू बसलेली असायचीस."

भागूबाईंचा राग गेला नव्हता. तोंड फिरवूनच त्यांनी ते स्टूल ओढलं, पलंगाच्या अगदी पुढ्यात ठेवलं आणि बसल्या.