माश्या बसल्या तेव्हा

तनुजाने खालून दोर दोनदा हिसडला. म्हणजे मशीन बंद कर. झाड कापायच्या मशीनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून ही खूण. गणराजने लगेच बटण दाबलं. दोघं नवरा-बायको झाडांची कामं मिळूनच घेत. तो वर, ती खाली त्याचा दोर धरून. झाडावर असताना तिला कारण विचारायचं नाही, एवढं तो केव्हाच शिकला होता.

मग त्यालाही दिसलं. कंपन्यांच्या पत्र्यांवरून एक काळसर ढग सरकत येत होता. धुराचा नव्हता. आग्या मोहोळाच्या माश्या होत्या.

चाकणमधल्या एका कंपनीच्या गेटाजवळचा तो जुना शिरीष. त्याची एक जाडजूड फांदी कामगारांच्या बसथांब्यावर कलली होती, तेवढीच उतरवायची होती. कंपनीने क्रेन दिली होती. पण क्रेनचा पाळणा फांद्यांच्या गर्दीत शिरेना. म्हणून गणराज नेहमीसारखा कमरेला पट्टा बांधून दोरावर चढला आणि क्रेन फक्त कापलेलं लाकूड खाली घ्यायला ठेवली. आता तो चार मजले उंचावर लोंबकळत होता. पळायला जागा नव्हती.

थवा आला तो त्याच फांदीवर उतरला. आधी फांदीवर, मग दोरावर, मग त्याच्या हेल्मेटवर, खांद्यांवर, पाठीवर. घाम पुसायला त्याने तोंडावरची जाळी नुकतीच वर केली होती. ती खाली ओढायचीही आता सोय राहिली नाही. बघता बघता माणूस दिसेनासा झाला. उरलं ते काळं, चमकणारं, लाटांसारखं हलणारं काहीतरी, आणि त्याखाली दोन बूट.

क्रेनवाला दिग्विजय केबिनमधून उडी मारून धावत आला. “वहिनी, बघताय काय? सोडा ना दोर, खाली घ्या त्यांना!”

तनुजाचे हात दोरावरच होते. दोर सैल केला की गणराज खाली येणार, हे खरं. पण येताना फांद्यांना घासत येणार, हिसके बसणार. गावाकडे तिने असे थवे पाहिले होते. घर सोडून निघालेल्या माश्या वाटेत कुठेतरी विसावतात, आणि कुणी डिवचलं नाही तर आपल्या आपण उठून जातात. आपल्या माणसावर बसलेल्या तिने कधी पाहिल्या नव्हत्या.

“दोर हलवायचा न्हाई,” ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. “क्रेन बंद करा, भाऊ. आणि आधी तो भोंगा थांबवा.”

दिग्विजयने चमकून गेटाकडे पाहिलं. शिफ्ट सुटायची वेळ झाली होती. भोंगा गेटाच्या छतावर, झाडाच्या अगदी अंगाला. तो धावत सुटला.

त्या दुपारी भोंगा वाजला नाही.

शिफ्ट मात्र सुटली. शेकडो माणसं नेहमीच्या गलक्यात बाहेर पडली आणि गेटाशी येताच गप्प झाली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. पुढच्याने वर पाहिलं की मागचाही पाहायचा. बसवाल्यांनी इंजिनं बंद केली. शूटिंग घ्यायला कुणी मोबाईल काढला होता, त्याने तो तसाच खिशात ठेवला. वॉचमनने हात जोडले. त्या रस्त्यावर एवढी शांतता कुणाच्या आठवणीत नव्हती. वरून फक्त एक आवाज येत होता, खोल आणि अखंड, घंटा वाजून गेल्यावर गाभाऱ्यात मागे राहतो तसा. तो कानापेक्षा छातीत जास्त घुमत होता.

तनुजाला वाटलं, त्या आवाजाने हातातला दोर थरथरतोय. दोराच्या दुसऱ्या टोकाला तिचा नवरा होता आणि ती त्याच्यासाठी काहीच करत नव्हती. इतकं अवघड काम तिने जन्मात केलं नव्हतं.

मग थवा उठला. एकदम नाही. आधी खांदे मोकळे झाले, मग हेल्मेट, शेवटी चेहरा. डोळे मिटलेले. माश्यांनी शिरीषाभोवती एक मोठा फेरा घेतला आणि त्या डोंगराकडे निघाल्या. तेव्हा गणराजने डोळे उघडले आणि हात वर केला. पाचही बोटं पसरून, तसाच धरून ठेवला.

“बोलावतायत! घ्या खाली!” दिग्विजय ओरडला.

तनुजाने दोर सोडत त्याला जमिनीवर आणलं. गर्दी पुढे सरकली. त्याच्या अंगावर एकही डंख नव्हता. कुणी पाणी पुढे केलं, कुणी त्याच्या पाया पडलं. गणराज बुंध्याला टेकून बसला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

तनुजा त्याच्यापुढे उकिडवी बसली, दोन्ही हातांनी तिने त्याचा चेहरा चाचपला. “लई भ्यायलात का हो?”

त्याने नाही म्हणून मान हलवली.

“तुला कधी बोललो न्हाई, तनू. मशीन चालवून चालवून माझ्या कानात शिट्टी बसलीये. मशीन बंद केली तरी वाजत राहती. झोपेतसुद्धा. आपल्या लग्नाच्या आधीपासून.” त्याने कानावर हात ठेवला. “त्या बसल्या, त्यांचा आवाज कानात भरला, आन् शिट्टी गेली. आत सगळं कसं गप्प झालं गं.”

“मग हात कशाला वर केला? मला वाटलं, मला बोलावताय.”

“न्हाई,” गणराज म्हणाला. “त्यांना म्हणत होतो, अजून जरा थांबा.”