इथलीच गाडी

सीमेपलीकडच्या, उजव्या स्टेअरिंगच्या गाड्या इकडे आणायला बंदी. दलाल मात्र वीस वर्षं त्याच गाड्या स्वतः चालवत चोरून आणायचा, स्टेअरिंग डावीकडे बसवायचा आणि "इथलीच आहे" म्हणून विकायचा.

आज कस्टमच्या नव्या साहेबानं तासभर गाडी खालीवर धुंडाळली. हाती धुपाटणंही लागलं नाही. त्यानं चिडून किल्ली टेबलावर आपटली.

"एक दिवस तुझा बाजार उठवतो की नाही बघ."

"आधी चष्म्याचा नंबर वाढवा, साहेब. इथलीच गाडी आहे!"

दलाल किल्ली उचलून ऐटीत बाहेर आला आणि सवयीनं दार उघडून आत बसला. हात पुढे केले, तर समोर स्टेअरिंगच नाही.



डावीकडचं दार उघडून साहेब स्टेअरिंगमागे बसला. "आण ती किल्ली. पोलीस ठाण्यापर्यंत मीच सोडतो."