त्यातल्या त्यात जवळचा

मतदानाच्या रांगेत सिस्टरनी नवऱ्याचं, मास्तरांचं, कोपर धरलं होतं. मास्तरांना आता दिसत नव्हतं, म्हणून मदतीला घरचं एक माणूस आत जाऊ देत होते. मुलगा येतो म्हणाला होता. पण मास्तर म्हणाले, तू वाटेत भाषण देशील, तुझी आई नुसती भांडेल.

भांडण जुनंच होतं. लग्नापासून नवरा एका पक्षाचा, बायको दुसऱ्याची. पुढे उभ्या असलेल्या शिंप्यानं मागे वळून नेहमीची थट्टा केली, की तुम्ही दोघं घरीच झोपत जा, तुमची मतं एकमेकांना खाऊन टाकतात.

मास्तर हसले नाहीत. "दवाखान्याचं तुमच्या पक्षाचे यंदा काय म्हणतात गं?"

ज्या सरकारी दवाखान्यात सिस्टरनी नर्स म्हणून सगळी नोकरी केली, तो फुकट असावा की नसावा, यावर या घरात कितीतरी जेवणं गार झाली होती.

"थोडी फी घ्यावी म्हणतात."

"ते तर आम्ही म्हणायचो."

"हो. आणि तुमचे आता म्हणतात, विकून टाका."

रांग सरकली. "म्हणजे तुमचे आमच्या जागेवर आले, आणि आमचे आणखी पुढे गेले," मास्तर म्हणाले. "मग फुकट ठेवा म्हणणारं उरलं कोण?"

"मी एकटी."

"दोघं म्हण. दवाखान्यातली ती पोरगी रोज माझ्या डोळ्यांत थेंब घालते. खिशात काय आहे, कधी विचारलं नाही तिनं."

हे त्यांच्या तोंडून ऐकायला सिस्टरनी अख्खा संसार घालवला होता.

आडोशाला गेल्यावर सिस्टरनी हळूच विचारलं, शिक्का कुणावर मारायचा?

"तुझ्या पक्षावर."

"तो माझा कुठे राहिलाय, अहो."

"त्यातल्या त्यात जवळचा तर आहे."

त्यांनी शिक्का मास्तरांच्याच हातात दिला आणि तो हात त्या पक्षाच्या चिन्हावर नेऊन ठेवला. मग स्वतःचंही मत तिथेच दिलं.

फाटकाबाहेर दोन्ही पक्षांची माणसं लगबगीनं पुढे आली. आमच्यावर लक्ष असू द्या, म्हणाली. मास्तर आवाजाच्या दिशेनं वळले.

"मी आता हिच्या बाजूला येऊन उभा आहे. तुमच्यापैकी कुणी इकडे परत फिरकलं, तर हाक मारा. मला दिसत नाही."

घर मागच्या गल्लीनं अगदी जवळ होतं. सिस्टरनी त्यांना लांबच्या रस्त्यानं नेलं.