उपकाराची वीस मिनिटं

अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या कडाक्याच्या हिवाळ्यात लोकांना दिव्यांच्या पेटीत झोपवून अंगाला उन्हाळी तांबूस रंग आणून देणं, हा लोर्नाचा धंदा. विमा मात्र ती स्वस्तातला घेत होती: गिऱ्हाईक फरशीवर घसरून पडलं, तरच भरपाई.

"बाई, तुमच्याकडे लोक घसरायला येतात की शेकायला?" विमा एजंट व्हर्जिल म्हणाला. "उद्या कोणाची कातडी भाजली तर दुकान विकावं लागेल. भाजण्याचा विमा घ्याच. सही केल्या क्षणापासून लागू."

तासभर त्याने हट्ट सोडला नाही. शेवटी तिने सही केली आणि तिच्या छातीवरचा धोंडाच उतरला.

आभार म्हणून तिने त्याला पेटीत फुकट झोपवलं. नवख्याला पाच मिनिटं, हा नियम. पण एवढे उपकार पाच मिनिटांत कसे फिटणार? तिने वीस लावली.

व्हर्जिल बाहेर आला तो उकडलेल्या बिटासारखा. खुर्चीवर टेकवेना, म्हणून त्याने उभ्यानेच बॅगेतून भरपाईचा अर्ज काढला.

लोर्नाचे डोळे भरून आले. "देवमाणूस आहात हो! तुम्ही हट्ट धरला नसतात, तर आज तुमच्यापायी माझं दुकान गेलं असतं."