बाबांचा नंबर

कॅनडात एम.एस.ला प्रवेश मिळाला होता, पण एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली पगारी असिस्टंटशिप मिळाली तरच नूतनला बालाघाटहून निघता येणार होतं. तिनं चाळीस अर्ज पाठवले. घरच्या रीतीप्रमाणे मुलीच्या अर्जावर मोबाइल नंबर बाबांचा.

महिन्याभरानं एकाच प्राध्यापकाची मेल आली : "लग्नाबद्दल अभिनंदन. तुम्ही येणार नसल्यानं जागा दुसऱ्याला दिली आहे."

नूतनचं तर लग्नच ठरलं नव्हतं.

"बाबा, बाहेरून कोणाचा फोन आलता काय?"

"हौ. कोणी आदमी दोन दिवस तुयं नाव घेऊन इंग्रजीत विचारू राह्यलता," प्रेमलाल म्हणाले. "म्या सांगून देल्लं, मॅरेज हो गया. तू रडून काहून राह्यली, बेटा? आता नाही करत तो फोन."